निर्बंधांच्या देशातून ऑर्डर आली तर? कोकणातल्या छोट्या निर्यातदारासाठी पायरी-पायरीने

लोट्याच्या एमआयडीसीतला फॅब्रिकेटर असो, रत्नागिरीत मच्छीमार बोटींना सोनार-जीपीएस बसवून देणारा असो, की कुडाळात बसून परदेशी कारखान्यांचं सॉफ्टवेअर सांभाळणारी चार पोरं असोत, अवघड ऑर्डर यायची वाट बहुतेक वेळा एकच असते: दुबई. खेड, मंडणगड, दापोली, राजापूर या तालुक्यांतली किती घरं आखातावर चालतात ते सांगायला नको. तिकडचाच कुणीतरी भाचा रात्री फोन करतो, "मामा, पार्टी पक्की आहे. ॲडव्हान्स पण देते. कागदांचं काय ते मागाहून बघू."

कागदांचं मागाहून बघायचं नसतं, एवढंच खरं तर मला सांगायचंय. विकायचं की नाही हा निर्णय कोटेशन जायच्या आधी होतो. ॲडव्हान्स खात्यात पडला, पत्रा कापला गेला, की मालकाचं मन आपोआप 'हो'च्या बाजूने पुरावे गोळा करायला लागतं. मोठ्या कंपन्यांत यासाठी वेगळा विभाग असतो आणि तिथे सेल्सवाल्याला मत नसतं. आपल्याकडे सेल्सवाला, मालक आणि गोडाऊनची किल्ली सांभाळणारा एकच माणूस असतो. म्हणून क्रम ठरवून घ्यावा लागतो.

आधी विचारा: बंदी कुणाची?

"त्या देशावर बंदी आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. बंदी कुणी घातली आणि कशावर घातली, ते कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे निर्बंध भारतावर बंधनकारक आहेत आणि ते आपल्या परदेश व्यापार धोरणात उतरलेले असतात. उत्तर कोरिया हे त्याचं ठळक उदाहरण. २०१७ पासून अन्न आणि औषधं सोडली तर भारताने त्या देशाशी व्यापार बंद केलेला आहे. तिथली चौकशी आली तर हा लेख पुढे वाचायचीही गरज नाही.

अमेरिका किंवा युरोपीय संघाने आपल्या मर्जीने घातलेले निर्बंध भारत सरकार मानत नाही, आणि ही भूमिका सरकारने वेळोवेळी उघडपणे सांगितली आहे. क्युबावर अमेरिकेची बंदी १९६२ पासून आहे. ती उठवा असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९९२ पासून जवळजवळ दरवर्षी होतो आणि भारत ठरावाच्या बाजूने मत देतो. म्हणजे आपला कायदा तुम्हाला क्युबाला पंप विकण्यापासून अडवत नाही. तरीही बँक अडवेल. ते का, ते पुढे येईल.

इराणचं प्रकरण या दोन्हींच्या मधलं. २०१५ च्या अणुकराराने संयुक्त राष्ट्रांचे बरेच निर्बंध सैल झाले होते. २०२५ च्या सप्टेंबरअखेर ते पुन्हा लागू झाले. त्यावर अमेरिकेची स्वतःची बंदी आहेच आणि ती कितीतरी रुंद आहे. सीरियाचं उलटं झालं: २०२५ च्या जूनअखेर अमेरिकेने तिथला निर्बंधांचा कार्यक्रम मोडीत काढला, पण तंत्रज्ञानाच्या निर्यातीवरचे नियम त्याबरोबर आपोआप गेले नाहीत. रशियावर सरसकट बंदी नाही, वस्तूंच्या लांबलचक याद्या आहेत. गेल्या वर्षी कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली 'बंदी असलेल्या देशांची यादी' तुमच्याकडे असेल तर ती आजच पुसून टाका.

पायरी १: आपण नेमकं काय विकतोय?

देश बघायच्या आधी वस्तू बघायची. पुष्कळ जण इथेच गफलत करतात. ज्याच्यावर कसलेच निर्बंध नाहीत अशा देशाला पाठवतानाही काही वस्तूंना भारत सरकारचा परवाना लागतो.

ती यादी म्हणजे स्कोमेट. विशेष रसायनं, जीवाणू, साहित्य, उपकरणं आणि तंत्रज्ञान, ज्यांचा नागरी आणि लष्करी असा दुहेरी वापर होऊ शकतो, ते सगळं तिच्यात येतं. शून्य ते आठ असे वर्ग आहेत, त्यातला सातवा राखीव आहे. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या, संकेतस्थळावर ती फुकट मिळते. आपल्या पट्ट्यातल्या लोकांनी पहिला, तिसरा, पाचवा आणि आठवा वर्ग नीट वाचावा. पहिल्यात रसायनं आहेत, आणि लोटे-महाडवाल्यांना ओळखीची अशी थायोनिल क्लोराइड, फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड, ट्रायइथेनॉलअमाइन ही नावं तिथे भेटतील. तिसऱ्यात रासायनिक कारखान्याची उपकरणं. पाचव्यात ड्रोनसकट हवाई यंत्रणा. आठव्यात इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, माहितीची गुप्तता राखणारी साधनं, सेन्सर, दिशादर्शन आणि सागरी उपकरणं.

वाचायचं ते नाव नव्हे, आकडे. उदाहरण म्हणून ग्लास लाइन्ड रिॲक्टर (रसायनं बनवायचं, आतून काचेचा थर असलेलं भांडं) घेऊ, कारण तो लोट्यात कुणालाही ठाऊक असतो. ज्या आंतरराष्ट्रीय गटाच्या यादीवरून आपला तिसरा वर्ग जुळवून घेतला आहे त्या ऑस्ट्रेलिया ग्रुपमध्ये (भारत त्यात जानेवारी २०१८ ला गेला) नियंत्रण असं आहे: रिॲक्टरची आतली क्षमता १०० लिटरपेक्षा जास्त आणि २०,००० लिटरपेक्षा कमी, आणि रसायनाला लागणारे सगळे पृष्ठभाग काच, टँटलम, जास्त निकेलचे मिश्रधातू, फ्लोरोपॉलिमर अशांपैकी कशाचे तरी. म्हणजे औषध कंपनीत रोज दिसणारा आपला पाच हजार लिटरचा निळा रिॲक्टर थेट या चौकटीत बसतो. तोच रिॲक्टर साध्या एसएस ३१६ स्टेनलेस स्टीलचा असेल तर बसत नाही. फरक एमओसीचा, म्हणजे भांडं कशाचं बनलंय त्याचा, दिसण्याचा नाही. जे रसायन पोलादाला खातं ते काचेला खात नाही, आणि युद्धात वापरायची रसायनं बनवणाऱ्यालाही नेमकं तेच हवं असतं.

व्हॉल्व्ह आणि पंपांचंही असंच आहे. पीटीएफई या फ्लोरोपॉलिमरचं लाइनिंग केलेला व्हॉल्व्ह पाठवताना एचएस कोडवर भागत नाही. तो कस्टमसाठी असतो, स्कोमेट वेगळं बघायचं. सीएचएला, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला, विचारलंत तर तो एचएस कोड अचूक सांगेल, पण काचेच्या लाइनिंगचा प्रश्न त्याच्या डोक्यात येईलच असं नाही. ते ड्रॉइंग समोर ठेवून तुमच्या इंजिनीअरनेच करायचं काम आहे.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. कंटेनर न्हावा शेव्याला जातो तेव्हाच निर्यात होते असं नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर परदेश व्यापार कायद्यात तंत्रज्ञान आणि सेवाही येतात. ड्रॉइंग ईमेलने गेलं, ड्राइव्हची लिंक दिली, स्क्रीन शेअर करून पीएलसीचा (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा) प्रोग्राम बदलून दिला, तरी वस्तू नियंत्रित असेल तर ती निर्यातच.

पायरी २: आत कुणाचे सुटे भाग आहेत?

आता अमेरिका आपल्याला कशी गाठते ते बघू. तिचा निर्यात कायदा वस्तूच्या पाठोपाठ फिरतो. अमेरिकी भाग तुमच्या यंत्रात बसला म्हणून तो अमेरिकी असायचा थांबत नाही.

हिशेब टक्क्यांचा आहे. तुमच्या भारतीय मालात नियंत्रित अमेरिकी भागांची किंमत २५ टक्क्यांपर्यंत असेल तर साधारणपणे तो कायदा लागू होत नाही. इराण, उत्तर कोरिया, क्युबा, सीरिया या गटासाठी ही मर्यादा १० टक्के आहे. शिवाय अशा देशांसाठी 'नियंत्रित' धरल्या जाणाऱ्या अमेरिकी वस्तूंची यादी बरीच लांब असते.

समजा, रिॲक्टर पॅनेलसकट २२ लाखांचा आहे. पीएलसी आणि ट्रान्समीटर अमेरिकी बनावटीचे आणि इराणसाठी नियंत्रित, त्यांची किंमत २ लाख ६० हजार. झाले ११.८ टक्के. हाच रिॲक्टर दुबईतल्याच रंगाच्या कारखान्याला गेला तर या हिशेबात अडत नाही. दुबईहून इराणच्या बंदर अब्बासला गेला तर तुमचा लोट्यात बनलेला माल अमेरिकी परवान्याखाली येतो. पॅनेल भारतीय किंवा जपानी भागांचं केलं तर टक्केवारीचा प्रश्न सुटतो आणि तसं करणं बेकायदाही नाही. पण तेवढ्याने बाकीचे प्रश्न सुटत नाहीत.

भाग एकही अमेरिकी नसला तरी अमेरिकी तंत्रज्ञानाने किंवा यंत्राने बनलेल्या काही वस्तूंनाही हा कायदा लागतो. सीगेटने अमेरिकेबाहेर बनवलेल्या हार्ड डिस्क हुआवे या चिनी कंपनीला विकल्या आणि २०२३ मध्ये ३० कोटी डॉलरचा दंड मान्य केला.

करायचं काय? प्रत्येक विकत घेतलेल्या भागाच्या पुरवठादाराकडून दोन ओळींचं पत्र मागा: मूळ देश कोणता आणि निर्यात वर्गीकरण काय. अमेरिकी भागाचा ईसीसीएन क्रमांक (अमेरिकी नियंत्रण यादीतला वर्ग) किंवा 'ईएआर९९' (त्या यादीत नाव नाही) असं उत्तर येईल. सोबत खरेदीच्या अटी पण वाचा. मार्च २०२४ पासून युरोपीय कंपन्यांना ठरावीक वस्तूंच्या विक्री करारात 'हा माल रशियाला पुढे विकणार नाही' असं कलम घालावं लागतं. बेअरिंग किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेताना तुम्ही त्यावर सही करून मोकळे झालेले असाल. सही केलीय तर ते कलम भारतीय करार म्हणूनही तुम्हाला बांधतं, मग दिल्लीची भूमिका काहीही असो.

पायरी ३: शेवटी वापरणार कोण?

मला विचाराल तर निम्मा निर्णय इथे होतो, आणि तो कायद्याच्या पुस्तकापेक्षा धंद्याच्या जाणकारीवर होतो.

दुबईच्या ट्रेडरची मेल आली: पाच हजार लिटरचे तीन ग्लास लाइन्ड रिॲक्टर, तातडीने, किंमत कळवा. आता खरा गिऱ्हाईक काय विचारतो ते आठवा. ॲजिटेटर अँकर की इम्पेलर? जॅकेटचं प्रेशर किती? नोझलचं ओरिएंटेशन आमच्या लेआउटला जुळेल का? स्पार्क टेस्ट आमच्या माणसासमोर कराल का? कमिशनिंगला कोण येणार? किमतीवर तर तो चार दिवस घासाघीस करतो. या मेलमध्ये यातलं काहीच नाही. वॉरंटी नको, कमिशनिंग नको, कंपनीची नेमप्लेट लावू नका, पॅकिंगवर नाव नको आणि भाव सांगाल तो मान्य. ज्याला वापरायचंय त्याला चौकशा असतात. ज्याला फक्त पुढे सरकवायचंय त्याला घाई असते.

अशा मेलला नाही म्हणायची गरज नाही, प्रश्न विचारा. कारखाना कुठे आहे, कोणतं उत्पादन घेणार, अंतिम वापरकर्त्याचं नाव-पत्ता काय, त्याच्या लेटरहेडवर वापराचं प्रमाणपत्र मिळेल का. खरा गिऱ्हाईक कुरकुरत का होईना, देतो. दुसऱ्या जातीचा गप्प होतो, किंवा "हे गोपनीय आहे" म्हणतो. पाच हजार लिटरचा रिॲक्टर बसवायच्या जागेत गोपनीय ते काय असतं?

नावं मिळाली की याद्यांवर टाका. संयुक्त राष्ट्रांची एकत्रित यादी, अमेरिकेची एकत्रित शोधयादी, युरोपीय संघाची यादी, या तिन्ही फुकट आहेत. फारसी, रशियन, अरबी नावं लॅटिन लिपीत चार तऱ्हांनी लिहिली जातात, म्हणून सगळी स्पेलिंगं टाका. पत्ताही टाका: २०२४ मध्ये अमेरिकेने हाँगकाँगमधले काही पत्तेच्या पत्ते यादीत घातले, कारण एकाच खोलीतून पाट्या बदलत नव्या कंपन्या निघत होत्या. मालकी विचारा. अमेरिकी अर्थखात्याच्या नियमाने यादीतल्या लोकांची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी असेल, तर कंपनीचं नाव यादीत नसलं तरी ती यादीत धरली जाते. शोधाच्या निकालाचं पान तारखेसकट छापून फाइलला लावा.

भाच्याचं काय? भाचा खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. बहुधा त्यालाही पुढचा माणूस ठाऊक नसतो. त्याच्याच ट्रेड लायसन्सवर माल उतरणार असेल, तर तुमच्याआधी तोच अडकेल, हे त्याला नीट समजावून सांगा. नात्यातल्या माणसाला हे कारण लवकर पटतं.

पायरी ४: पैसा घरी कसा येणार?

२०१७ मध्ये सिंगापूरच्या सीएसई ग्लोबल आणि तिच्या उपकंपनीने अमेरिकी अर्थखात्याला १ कोटी २० लाख डॉलर भरले. अमेरिकी कंपनी नाही, अमेरिकी माणूस नाही. इराणच्या ऊर्जा प्रकल्पांना दूरसंचार उपकरणं बसवायची कामं होती आणि पुरवठादारांची देणी सिंगापूरच्या बँकेतून डॉलरमध्ये गेली. डॉलरचा व्यवहार अमेरिकी बँकेतून पार होतो, आणि तिथेच ते सापडले. वर, इराणशी संबंधित व्यवहार या बँकेतून करणार नाही असं हमीपत्र त्यांनी त्याच बँकेला दिलेलं होतं.

ते हमीपत्र तुम्हीही दिलेलं असतं. खातं उघडताना किंवा पॅकिंग क्रेडिट (निर्यातीआधीचं कर्ज) घेताना जो गठ्ठा सह्यांसाठी पुढे येतो, त्यात ते असतं. म्हणून शाखेतल्या फॉरेक्स डेस्कला कोटेशनआधी लेखी विचारा: अमुक देश, अमुक गिऱ्हाईक, अमुक चलन, रक्कम स्वीकाराल का? रुपयात किंवा दिरहममध्ये घेऊ म्हटलं तर डॉलरचा धोका टळतो. इराणच्या तेलाचे पैसे २०१२ पासून काही वर्षं युको बँकेत रुपयांत जमा होत होते, तेव्हा तशी सोय सरकारनेच करून दिली होती. खासगीत तसा मार्ग शोधायला गेलात, तर पैसे तिसऱ्याच कंपनीच्या खात्यातून येतात आणि बँकेला तेच सर्वांत जास्त खटकतं.

विम्याच्या पॉलिसीतलं निर्बंधांचं कलम आणि ईसीजीसीचं (सरकारी निर्यात पतविमा कंपनीचं) संरक्षण त्या देशाला मिळतं का, हेही त्याच आठवड्यात विचारून घ्या.

पायरी ५: परवाना मागायचा का?

वस्तू स्कोमेटमध्ये असेल तर 'नाही' हे एकमेव उत्तर नाही. डीजीएफटीकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, त्यासाठी मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. अंतिम वापराचं प्रमाणपत्र, खरेदी आदेश, तांत्रिक तपशील आणि मधल्या प्रत्येक हाताचं नाव लागतं. परराष्ट्र, संरक्षण, अणुऊर्जा, अवकाश अशा खात्यांच्या आंतरमंत्रालयीन गटासमोर अर्ज जातो. शून्य वर्गाचं अणुऊर्जा विभाग बघतो, सहाव्या वर्गातल्या लष्करी सामानाचं संरक्षण मंत्रालय. याला वेळ लागतो. म्हणून प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर 'निर्यात परवाना मिळण्याच्या अधीन' असं स्वच्छ लिहा आणि तोवरचा ॲडव्हान्स परत करायच्या तयारीने घ्या.

अटींवर विक्री हाही मधला रस्ता असतो, आणि तो आपण दुसऱ्या बाजूने पाहिलेला आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेने बंगळूरच्या विज्ञान संस्थेसाठी क्रे महासंगणक नाकारला. हवामानाच्या अंदाजासाठी मात्र एक दिला, तोही वापरावर अटी घालून. नकारातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा देशी महासंगणक आला. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर तर आपल्या कितीतरी संस्था अमेरिकेच्या यादीत गेल्या. भाभा अणुसंशोधन केंद्राचं नाव निघायला जानेवारी २०२५ उजाडावं लागलं. त्यामुळे निर्बंधांतल्या देशाचा गिऱ्हाईक म्हणजे चोरच, असं मी मानत नाही. तिथेही दुधाच्या डेऱ्या आहेत, दवाखाने आहेत. त्याने प्रश्नांची उत्तरं दिली तर आपणही अर्ज करायचे कष्ट घ्यावेत.

पण कागदावर आकडे बदलायचे नाहीत. जपानच्या तोशिबा मशीनने १९८० च्या दशकात सोव्हिएत संघाला पाणबुड्यांचे पंखे कोरायची नऊ अक्षांची यंत्रं विकली, परवान्यात ती साधी, कमी क्षमतेची दाखवून. १९८७ मध्ये ते फुटलं, माणसं अटकेत गेली आणि मूळ तोशिबाच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे परदेश व्यापार कायद्यात मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. २००५ च्या महासंहारक अस्त्रांच्या कायद्यात कैद आहे, आणि यादीत नसलेली वस्तूही अशा वापरासाठी जाणार हे ठाऊक असेल, तर तो कायदा लागू होतो.

पायरी ६: कायदा हो म्हणतो, तरी?

ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस अमेरिकेने रशियाच्या युद्धाला मदत केल्याच्या आरोपावरून जवळपास ४०० कंपन्या आणि व्यक्तींवर निर्बंध घातले. त्यात १९ भारतीय कंपन्या होत्या. या व्यवहारांत भारतीय कायद्याचा भंग झालेला नाही, असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. भारतीय कायद्याने तुम्ही निर्दोष असता, आणि तरीही अमेरिकी पुरवठादार फोन उचलत नाही, बँक डॉलरचं खातं गोठवते.

म्हणून शेवटचा हिशेब असा मांडा. एका बाजूला या ऑर्डरचा नफा. दुसऱ्या बाजूला डॉलरमधलं वर्षाचं सगळं येणं आणि अमेरिकी-युरोपीय भागांवाचून बनू शकत नाहीत ती सगळी उत्पादनं. तीन रिॲक्टरचा नफा दुसऱ्या रकान्यापुढे बहुतेकदा किरकोळ निघतो. ज्याचा डॉलरशी संबंधच नाही, माल पूर्ण देशी, गिऱ्हाईक ओळखीचा, वापर साबण बनवायचा, त्याचा हिशेब वेगळा निघेल, आणि त्याने हो म्हणावं.

पैशाच्या पलीकडचा प्रश्न ज्याचा त्याचा. माल तिथे जाऊन काय करेल याची कल्पना नको वाटत असेल, तर दुसरं कारण शोधत बसू नका.

आणि नकाराचा अधिकार मालकाकडे एकट्याकडे ठेवू नका. हिशेब बघणाऱ्या वहिनी असोत की जुना अकाउंटंट, ज्याला कमिशन नाही अशा एका माणसाने सही केल्याशिवाय कोटेशन जायचं नाही, असा नियम करा. नाही कळवताना एक वाक्य पुरतं: "आमच्या पुरवठादार आणि बँकेच्या अटींमुळे हा माल या वापरासाठी देता येत नाही." त्यापुढे "ओमानमार्गे बघा" किंवा "दुसऱ्या नावाने मागवा" असं चुकूनही लिहू नका. तुमच्याविरुद्ध याहून पक्का पुरावा दुसरा नसेल.

माल गेल्यावर

रवाना करायच्या दिवशी नावं पुन्हा एकदा याद्यांवर टाका, मधल्या तीन महिन्यांत यादी बदललेली असते. बीएलवरचं (जहाजाच्या माल-पावतीवरचं) बंदर आणि कन्साइनी, म्हणजे माल घेणारा, अंतिम वापराच्या प्रमाणपत्राशी जुळतात का बघा. ऐनवेळी "डिस्चार्ज पोर्ट बदला" असा मेसेज आला तर कंटेनर आपल्या यार्डातच थांबवा. न्हावा शेव्याला पोचल्यावर परत आणणं महाग पडतं.

फाइल पाच वर्षं जपायची: प्रश्नोत्तरांच्या मेल, शोधाची पानं, पुरवठादारांची पत्रं, बँकेचं उत्तर. नाकारलेल्या ऑर्डरचीही फाइल ठेवा, कारण तोच गिऱ्हाईक वर्षभराने नव्या कंपनीच्या नावाने येतो. सहा महिन्यांनी सुट्या भागांची मागणी आली, किंवा पॅनेलचा पासवर्ड विसरला म्हणून रिमोटवर यायची विनंती आली, तर ती नवी निर्यात समजून पहिल्या पायरीपासून बघा. फोन दुबईच्या नंबरवरून असेल, पण पॅनेलच्या स्क्रीनवर तारीख आणि वेळ दिसते. ती इराणच्या वेळेची असेल, म्हणजे दुबईहून अर्धा तास मागे, तर रिॲक्टर कुठे उभा आहे ते विचारल्याशिवाय लॉगिन करू नका.